नोल्डर लोकांची कथा

'एल्फ' हा शब्द इंग्रजी बालवाङ्मयाच्या मार्गानें मराठी घरांत आला, तो फुलपांखराचे पंख लावलेल्या आणि पाकळीवर झोंपणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याचें चित्र बरोबर घेऊनच आला. हें चित्र फारसें जुनें नाहीं. प्राचीन इंग्रजी व नॉर्स वाङ्मयांतील एल्फ हे सामर्थ्यवान् आणि म्हणूनच थोडेसे भीतिदायक लोक होत. आइसलंडमधील स्नोर्री स्टुर्लुसन या पंडितानें तेराव्या शतकांत तेजस्वी एल्फ आणि काळे एल्फ असे त्यांचे भेद सांगितले आहेत. अँग्लो-सॅक्सन वैद्यकांत एल्फांमुळें जडणाऱ्या दुखण्यांवर तोडगेहि सांपडतात. पुढें शेक्सपिअर व ड्रेटन यांच्या काळीं ते लहान होत होत मुठींत मावण्याइतके झाले. त्यांना पुन्हां त्यांची मूळची उंची मिळवून देणारा लेखक विसाव्या शतकांत निघाला, आणि तो कथाकार असण्यापूर्वीं शब्दांचा अभ्यासक होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या लेखकाचें नांव जॉन रोनाल्ड रूएल टोल्कीन. त्याचा जन्म १८९२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. चौथ्या वर्षीं पित्याचें आणि बाराव्या वर्षीं मातेचें छत्र हरपलें. १९१६ सालीं तो सोमच्या रणांगणावर होता. तो धरून चार जिवलग शाळासोबत्यांचें जें एक मंडळ होतें, त्यांतील दोघे त्या वर्षीं मृत्यु पावले; टोल्कीन स्वतः खंदकांतील तापानें आजारी होऊन इंग्लंडला परतला. त्या आजारपणाच्या दिवसांत त्यानें एका नगराच्या विध्वंसाची कथा लिहिली. नगराचें नांव गोंडोलिन, आणि तें वसविणारे लोक नोल्डर. युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डच्या विख्यात शब्दकोशाच्या कचेरींत त्यानें कांहीं काळ काम केलें, आणि १९२५ पासून १९५९ पर्यंत तो ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक होता. परंतु त्याचा खरा छंद निराळाच होता, आणि तो म्हणजे नव्या भाषा रचणें. फिनिश भाषेच्या नादावर लुब्ध होऊन त्यानें 'क्वेन्या' रचली, वेल्शच्या धर्तीवर दुसरी एक भाषा रचली, मग त्या भाषांना बोलणारे लोक दिले आणि त्या लोकांना इतिहास दिला. कथा भाषांसाठीं आहेत, भाषा कथांसाठीं नव्हेत, असें तो स्वतः सांगत असे.

नोल्डर या नांवाचा अर्थ 'जाणते'. मराठींत त्यांना काय म्हणावें? परी तर म्हणतां येतच नाहीं. गंधर्व म्हटलें तर केवळ गाणेंच उरतें. यक्ष म्हटलें तर ठेव्यावर बसलेला रखवालदार डोळ्यांपुढें येतो. 'विद्याधर' हा शब्द अर्थानें त्यांतल्या त्यांत जवळचा. मात्र कथासरित्सागरांतील विद्याधर आकाशमार्गानें विहार करतात, आणि नोल्डर लोकांचे हात सदैव भट्टीशीं, ऐरणीशीं आणि छिन्नीशीं गुंतलेले असतात. यक्षाची उपमाहि पुढें थोडीशी खरी ठरते, ही गोष्ट वेगळी.

टोल्कीनच्या सृष्टींत सूर्यचंद्र निर्माण होण्यापूर्वीं, केवळ नक्षत्रांच्या प्रकाशांत, एका जलाशयाच्या कांठीं एल्फ जागे झाले आणि त्यांनीं स्वतःला 'बोलणारे' असें नांव घेतलें. समुद्रापलीकडे पश्चिमेस व्हॅलिनोर ही देवतुल्य शक्तींची भूमि. तेथें एक रुपेरी व एक सोनेरी असे दोन वृक्ष प्रकाश देत. तेथील निमंत्रण स्वीकारून एल्फांचीं तीन कुळें निघालीं. त्यांतील मधलें कुळ नोल्डरांचें आणि त्यांचा राजा फिन्वे. फिन्वेच्या थोरल्या पुत्राचें नांव फेआनोर. याला जन्म देतांना त्याच्या आईची सारी शक्ति सरली आणि मृत्यु नसलेल्या त्या देशांत तिनें आपण होऊन प्राण सोडला. बापानें पुन्हां लग्न केलें. सावत्र भावांचा द्वेष फेआनोरच्या मनांत येथूनच वाढला.

हा फेआनोर नोल्डरांतील सर्वांत मोठा कारागीर. त्याची लिपि पाहिली तर मराठी वाचकाला ओळखीची खूण पटल्यावांचून राहत नाहीं. तिचीं मूळ चोवीस अक्षरें वाटेल तशीं रचलेलीं नाहींत. उच्चाराच्या स्थानाप्रमाणें तीं स्तंभांत आणि उच्चाराच्या प्रयत्नाप्रमाणें ओळींत मांडलेलीं आहेत. अक्षराची गोलाई दुप्पट केली कीं अघोषाचा घोष होतो, आणि स्वर हे व्यंजनाच्या डोक्यावर खुणेनें दाखविले जातात. कखगघङ पाठ केलेल्या मुलाला यांत नवल वाटणार नाहीं. येथें उसनवारीचा प्रश्न नाहीं. ध्वनीचा नीट विचार करणारा मनुष्य कोठेंहि बसला तरी त्याला बहुधा याच वाटेनें जावें लागतें. नोल्डरांना 'जाणते' कां म्हणावें, हें मात्र या एका लिपीवरून पटतें.

याच फेआनोरनें दोन वृक्षांचा प्रकाश कोंडून तीन रत्नें घडविलीं. त्यांचें नांव सिल्मरिल. हळूहळू तो तीं रत्नें दुसऱ्यांच्या दृष्टीस पडूं देईनासा झाला, आणि त्यांतील प्रकाश आपण निर्माण केलेला नाहीं, ही गोष्ट त्याला विसरावयास झाली. पुढें मेल्कोर या दुष्ट शक्तीनें एका राक्षसी कोळिणीच्या साह्यानें ते वृक्षच मारले. सर्वत्र अंधार पसरला. प्रकाश उरला तो फक्त त्या तीन रत्नांत. वृक्षांची जननी फेआनोरला म्हणाली, रत्नें फोडूं दिलींस तर वृक्ष पुन्हां जिवंत करतां येतील. त्यानें उत्तर दिलें कीं, लहान असो वा थोर असो, प्रत्येकाच्या हातून एखादी कृति एकदांच घडते. तीं रत्नें फोडलीं तर माझें काळीजच फुटेल. तो 'नाहीं' म्हणाला. त्याच क्षणीं निरोप्या धांवत आला : मेल्कोरनें फिन्वेला ठार करून रत्नें केव्हांच पळविलीं होतीं. म्हणजे जें देण्यास फेआनोरनें नकार दिला, तें त्याच्यापाशीं मुळीं उरलेंच नव्हतें. 'होय' आणि 'नाहीं' यांत व्यवहाराच्या दृष्टीनें कांहींच अंतर नव्हतें. तरीहि टोल्कीन बजावतो कीं, तो आधीं 'होय' म्हणाला असता तर त्याचीं पुढचीं कृत्यें कदाचित् निराळीं झालीं असतीं. सबंध ग्रंथांत इतकें मर्मभेदी स्थळ दुसरें नाहीं. येथें शिक्षा बाहेरून येत नाहीं. उच्चारलेला शब्दच मनुष्याला घडवितो.

पुढची कथा वेगानें उतरणीला लागते. फेआनोर व त्याचे सात पुत्र घोर शपथ घेतात : या रत्नाला जो हात लावील, तो कोणीहि असो, त्याचा पाठलाग जगाच्या अंतापर्यंत करूं. समुद्र ओलांडण्यास जहाजें हवींत, आणि जहाजें आहेत तिसऱ्या कुळाकडे, समुद्रकांठच्या टेलेरी लोकांकडे. त्यांचा राजा नम्रपणें सांगतो कीं, तुम्हांस जशीं तुमचीं रत्नें, तशीं आम्हांस हीं हंसाकृति जहाजें. हें आमच्या अंतःकरणाचें काम आहे आणि असें पुन्हां होणें नाहीं. हें तर फेआनोरचेंच म्हणणें! दुसऱ्याच्या तोंडून तें ऐकून त्याला तें ओळखूं आलें नाहीं. त्यानें तरवार उपसली, भाऊबंदांचें रक्त सांडलें, जहाजें नेलीं, आणि पैलतीर गांठल्यावर, मागें राहिलेल्या सावत्र भावाला नेण्यासाठीं परत न धाडतां, तीं जाळून टाकलीं. मागें राहिलेले लोक बर्फाचे कडे तुडवीत, वाटेंत कित्येकांना गमावून, चालत आले. फेआनोर स्वतः थोड्याच दिवसांत लढाईंत पडला. शपथ मात्र मुलांच्या गळ्यांत राहिली.

नव्या भूमींत नोल्डरांनीं राज्यें स्थापिलीं, आणि त्यांच्या वांट्याला एक चमत्कारिक शिक्षा आली. तेथील राजा थिंगोल हा जहाजांच्या त्या राजाचा सख्खा भाऊ. आप्तांच्या हत्येची वार्ता कानीं पडतांच त्यानें आज्ञा केली कीं, माझ्या प्रजेपैकीं कोणीहि क्वेन्या बोलूं नये, व कोणी ती बोलला तर त्याला उत्तर देऊं नये. नोल्डरांनीं निमूटपणें स्थानिकांची बोली उचलली. क्वेन्या उरली ती विद्येपुरती, गीतांपुरती व विधींपुरती, जशी आपल्याकडे संस्कृत. भाषाभक्तालाच सुचावी अशी ही शिक्षा आहे.

गोंडोलिनचा राजा टुर्गोन याला तर समुद्रदेवानें आधींच बजावलें होतें कीं, स्वतःच्या हातच्या कामावर फार जीव लावूं नकोस. नगर सोडण्याचा निरोप आला तेव्हां टुर्गोन त्या शुभ्र मनोऱ्यांकडे पाहत राहिला आणि नगराबरोबर बुडाला. रत्नांची गत काय झाली? एक आकाशांत तारा होऊन राहिलें. उरलेलीं दोन फेआनोरच्या वांचलेल्या दोघां पुत्रांनीं अखेर हस्तगत केलीं. पण स्पर्श होतांच त्यांचे हात पोळले. थोरल्यानें रत्नासह अग्नीच्या विवरांत उडी घेतली. धाकटा माग्लोर थोर गायक; त्यानें आपलें रत्न समुद्रांत फेकलें आणि तो किनाऱ्याकिनाऱ्यानें पश्चात्तापाचीं गाणीं गात भटकत राहिला. येथें मराठी माणसाला कपाळावरचा मणि गमावून, जखमेसाठीं तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आठवतो. दोघांनाहि मरण नाहीं, हीच दोघांची शिक्षा. टोल्कीनच्या जगांत मृत्यु ही माणसाला मिळालेली देणगी आहे. एल्फ जगाच्या अंतापर्यंत जगाशीं बांधलेले.

हें बांधलेपणच पुढच्या युगांतील आंगठ्यांच्या मुळाशीं आहे. फेआनोरचा नातू केलेब्रिंबोर यानें सॉरोनच्या गोड बोलण्याला भुलून आंगठ्या घडविल्या. त्याला सत्ता नको होती. प्रिय वस्तूंवरून काळाचा हात फिरूं नये, एवढेंच त्याला हवें होतें. १९५१ सालीं एका प्रकाशन-व्यावसायिकाला धाडलेल्या दीर्घ पत्रांत टोल्कीननें एल्फांच्या या मोहाची चांगलीच कानउघाडणी केली आहे. १९५४-५५ मध्यें तीन खंडांत निघालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मध्यें या मोहाचा हिशेब पुरा होतो. फेआनोरची पुतणी गॅलड्रिएल हिच्यापुढें ती महामुद्रा आपण होऊन चालून येते, आणि ती नकार देते. तिच्या चुलत्यानें रत्नें देण्यास नकार दिला होता. ती घेण्यास नकार देते, आणि आपलें सुंदर वन आतां कोमेजणार हें पुरतें जाणून देते.

नोल्डरांचा हा सबंध इतिहास टोल्कीनच्या हयातींत छापला गेलाच नाहीं. आरंभ १९१६-१७ च्या सुमारास, लेखकाचा मृत्यु १९७३ सालीं. मध्यें खर्ड्यांवर खर्डे. मुलगा ख्रिस्तोफर यानें १९७७ मध्यें 'द सिल्मरिलियन' सिद्ध करून प्रसिद्ध केला, आणि पुढें १९८३ ते १९९६ या काळांत सारे खर्डे बारा खंडांत वाचकांपुढें ठेवले. त्या कागदपत्रांवरून दिसतें कीं, म्हाताऱ्याचा हात अखेरपर्यंत कामावरून निघाला नव्हता. १९६७ सालीं त्यानें गॅलड्रिएलला बंडाच्या पुढाऱ्यांपैकीं मागें उरलेली अखेरची व्यक्ति म्हटलें होतें. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत तो लिहीत होता कीं, त्या बंडांत तिचा कांहींच भाग नव्हता, ती निष्कलंक होती. वृद्ध लेखकाला आपल्या लाडक्या मानसकन्येवरील डाग पुसावासा वाटला, हें समजण्यासारखें आहे. पण वाचकानें पहिलीच गॅलड्रिएल धरून ठेवावी. जिनें एकदां फेआनोरच्या मागोमाग बर्फ तुडविला, तिच्याच नकाराला कांहीं किंमत आहे.