बालविकासाचे विद्यापीठीय शिक्षण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



प्रारंभीच एक कबुली देणे मला प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी मी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर असताना चिखली तालुक्यातील एका मुलीने बालविकास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी साहाय्य मागितले होते. "लेकरे सांभाळायला पदवी ती कशाला?" असे एक सभासद म्हणाले, आम्ही हसलो आणि अर्ज बाजूस ठेवला. त्या हसण्यात मीही सामील होतो. मुलीचे शिक्षण तेथेच थांबले. आज मी हा विषय घेतला तो त्याच कारणाने.

मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नमूद आहे. त्या धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पायाभूत स्तर मानली. आपण मात्र मुलाच्या दहावीपासून जागे होतो!

हे ज्ञान काही परदेशातून नुकतेच आलेले नाही. ताराबाई मोडक विवाहानंतर काही काळ अमरावतीस, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात, राहिल्या होत्या. पुढे भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या; तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यातल्या अंगणात न्यावी, ही त्यांची युक्ती. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, हे त्या सभासदांच्या कानी घालावेसे वाटते.

आता वाटांविषयी. आपला जिल्हा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. त्याच्या महाविद्यालयांतून कला शाखेत गृहअर्थशास्त्र हा विषय घेता येतो आणि बालविकासाची ओळख तेथेच होते. ज्या मुलीला घर सोडता येत नाही तिने निदान येथून आरंभ करावा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बाल्यावस्था संगोपन व शिक्षण या विषयातील पदविकाही घरी राहून करण्याजोगी आहे. पुढे जायचे असेल तर महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापिलेले महिला विद्यापीठ मुंबईत आहे. मलकापुरास गाडीत बसून भुसावळ-सुरतमार्गे बडोदे गाठता येते. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानवविकासाचा जुना व नावाजलेला विभाग आहे आणि त्याला जोडून बालवाडीही आहे. ग्रंथात वाचलेले तेथे मुलांमध्ये बसून ताडून पाहता येते. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक शिक्षकशिक्षणक्रमही २०२३ पासून सुरू झाला असून त्यात पायाभूत स्तराची शाखा आहे. प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. आणि हो, यातील महिला विद्यापीठ सोडले तर बाकीच्या वाटा मुलांनाही खुल्या आहेत. हा केवळ बायकांचा विषय, ही आपली समजूत आहे, विद्यापीठांची नव्हे.

पोटापाण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली; तिच्या अंगणवाडीतील सेविकेला अद्याप वेतन नव्हे, मानधन मिळते. तेवढ्यासाठी बडोद्यास जा असे मी कोणास सांगणार नाही. परंतु पदवीधरास मुख्यसेविकेची परीक्षा देता येते, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचे पद आहे, महाविद्यालयीन अध्यापन आहे. जाहिराती पाहून भरमसाट शुल्क भरण्यापूर्वी मात्र संस्थेस मान्यता कोणाची आहे हे विचारावे. भिंतीवर रंगीत चित्रे काढलेली प्रत्येक जागा काही प्रशिक्षण विद्यालय नसते.

माझी विनंती एवढीच, की यंदाच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत अभियांत्रिकी व वैद्यक यांच्याच ओळीत बालविकास हे दोन शब्द घालावेत. तशी सूचना मी लेखी दिली आहे आणि पहिल्या शिष्यवृत्तीसाठी माझी अल्प रक्कम चिटणीसांकडे जमा केली आहे. भोजनोत्तर मी मंडपाच्या दाराशी बसणार आहे. ज्यांची मुले-मुली बारावीत आहेत त्यांनी त्यांना घेऊनच यावे.