वाचलेल्या मजुरीचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात सिमेंटच्या गट्टूंचे बोलणे कशासाठी, असे काहींना वाटेल. पण वेचणी संपली, ज्वारी घरात आली, की आपण अंगणाकडे वळतो. चिखल नको म्हणून गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, आणतो. मिस्त्रीची मजुरी वाचावी म्हणून ग्राइंडर भाड्याने घेतो आणि कडेचे गट्टू आपणच कापतो. तोंडाला रुमाल, डोळे अर्धे मिटलेले, घरभर पांढरा धुरळा. मजुरी वाचली असे आपण समजतो. तो हिशेब आज तपासू.

गट्टूत सिमेंट, खडी आणि वाळू असते. वाळूत गारगोटीचा अंश असतो, तीच सिलिका. चकती फिरली की तिचे पीठ होते. उपणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसा उडतो, तसेच इथे घडते. दिसते ती जाड धूळ खाली बसते. न दिसणारी बारीक धूळ हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाते. तिथे ती साठते, फुप्फुस आतून घट्ट होते, माणसाला दम लागतो. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि अशा माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. मध्य प्रदेशात मंदसौरला शाळेच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर याच रोगाने खंगले.

एका दिवसाच्या कामाने हा रोग होतो असे नाही. पण एक अंगण नीट झाले की गावात बोलावणी येतात. दुष्काळी वर्षात तरुण पोरे उन्हाळाभर हेच काम करतात. धोका तिथे आहे.

उपाय आपल्या हातात आहेत. पहिला उपाय म्हणजे कापायचेच कमी. आधी गट्टू कोरडे मांडून पाहा, अंगणाची रुंदी अख्ख्या गट्टूंच्या मापात बसवा. कडेला सिमेंटची पट्टी चालत असेल तर ती भरा. थोडेच गट्टू तोडायचे असतील तर रेघ मारून छन्नी-हातोड्याने तोडा. धार ओबडधोबड येईल, पण धूळ फारच कमी उडेल. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा.

यंत्रच लागणार असेल तर चकतीवर पाणी सोडणारी नळी कारखान्यातूनच बसवलेले यंत्र भाड्याने घ्या. गट्टू नुसता भिजवून भागत नाही; चकती दगडाला लागते तिथे पाण्याची धार सतत पडली पाहिजे. साध्या ग्राइंडरवर मात्र बाटलीने पाणी ओतू नका. धूळ टळेल, पण विजेचा झटका बसेल. पाण्याच्या यंत्रालाही गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवाच.

काम उघड्यावर करा, वारे पाठीशी घ्या, लेकरे आणि म्हातारी माणसे दूर ठेवा. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. दोन पट्ट्यांचा एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवा. दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. नंतर कोरडा झाडू मारू नका. राळ ओली असतानाच फावड्याने गोळा करा. वाळली की तीच पुन्हा धूळ होते. सिमेंटची राळ कातडी खाते, म्हणून हातमोजे घाला. कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. नाहीतर आपली धूळ कपडे धुणाऱ्या मायबहिणीच्या छातीत जाईल.

भावांनो, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, असा दोष मेलेल्यांच्याच माथी मारला गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची नोंद बंधनकारक केली होती, पण आपले अंगण काही कारखाना नव्हे. तिथे तपासायला कोणी निरीक्षक येणार नाही.

उत्पादन खर्चात घरच्या माणसाच्या मेहनतीचे पुरते मोल धरावे, म्हणून आपण सरकारशी भांडतो. मग आपल्याच अंगणात आपला श्वास शून्य कसा धरतो? गट्टूच्या खर्चात पाण्याच्या यंत्राचे भाडे आणि मास्कची किंमत मांडा. आणि गावच्या रस्त्यावर कंत्राटदाराचे मजूर कोरडे कापत असतील तर ग्रामसभेत उभे राहून सांगा, पाणी सोडल्याशिवाय चकती फिरणार नाही. ते मजूरही आपल्याच घरची पोरे आहेत.