माफीनाम्याचा शहाणपणा

रायपूरच्या बुढापारा भागातली सप्रे शाळा शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांचं नाव तिच्यावर कोरलंय ते माधवराव सप्रे मात्र त्यांच्या काळच्या चार शहाण्यांना व्यवहारशून्यच वाटले असणार. सरकारी नोकरीची मळलेली वाट सोडून ते पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक झाले. त्या पगारातून पैसे बाजूला टाकून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढलं. घरची भाषा मराठी, मासिक हिंदी आणि वाचक मोजके! १९०२ संपता संपता ते तोट्यात बंद पडलं.

पुढे १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' हे वृत्तपत्र काढलं आणि पुढच्याच वर्षी सप्रे राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. घरच्यांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली, माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. बायकामुलांचा विचार करून सही करावी, हा सल्ला तेव्हा कुठल्याही वडीलधाऱ्याने दिला असता. आजही देतील.

सप्र्यांना मात्र ती सही पचली नाही. ते चारचौघांतून बाजूला झाले, मधुकरी मागून राहिले आणि समर्थ रामदासांच्या दासबोधात बुडाले. पुढे त्यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवादही केला.

याच दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी उघडतो. त्यातली काही लक्षणं आज वाचताना गंमत वाटते. बायकोला मनातलं सांगणारा समर्थांच्या लेखी मूर्ख. आजचा समुपदेशक नवऱ्याला नेमकं तेच करायला सांगतो. स्वतःची स्तुती करणाराही मूर्ख. आता मुलाखतीत तेवढं जमलं नाही तर नोकरी हातची जाते. सासऱ्याच्या घरी राहणं हेही त्याच यादीत, पण मुंबईतलं घरभाडं ऐकलेला जावई त्यावर वाद घालेल. विनाकारण हसणारा आणि सांगून न ऐकणारा, हे दोघे मात्र यादीतून अजून सुटलेले नाहीत.

त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख येतो, म्हणजे शिकूनसवरून चुकणारा. बी.ए. झालेल्या, माफीनामा दिलेल्या माणसाने तो समास हिंदीत उतरवला, तेव्हा त्याची लेखणी सरळ चालली असेल असं वाटत नाही.

१९२६ मध्ये सप्रे रायपुरातच वारले. बुडीत निघालेल्या त्या मासिकात १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी गोष्ट छापून आली होती. हिंदीतली पहिली कथा कोणती, हा वाद आज निघाला की तिचं नाव घ्यावंच लागतं.