ताटातली खिचडी तशीच राहते तेव्हा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

बचतीचं, हप्त्यांचं बोलून झालं. आता दहा मिनिटं मला द्या. विषय शाळेचा आहे, पण मार्कांचा नाही. पोरांच्या मनाचा आहे.

मनाचं काढलं की तुमच्यातल्या काहीजणी म्हणतात, "मॅडम, हे शहरातल्यांचं. आम्हाला कुठं सवड?" खरं सांगू, कॉलेजात शिकताना मलाही तो परीक्षेपुरता धडाच वाटायचा.

मागच्या थंडीत एका गटाच्या बैठकीत पोषण आहार शिजवणारी ताई सहज म्हणाली, "चौथीतलं एक पोरगं आठ दिवस झाले खिचडी नुसती चिवडत बसतंय." कुणीतरी म्हणालं, घरी लाड असतील. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि रजिस्टरवर सह्या घ्यायला लागले. आज सांगताना लाज वाटते, कारण पुढच्या महिन्यात गेले तेव्हा ते पोरगं शाळेत यायचंच बंद झालं होतं.

आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. ते आजीजवळ. शाळेत वहीवर पालकांची सही मागायचे. आजीला सही येत नाही आणि अंगठा चालत नाही म्हणून त्याला रोज उभं करायचे. पोरं त्याला 'अंगठाबहाद्दर' म्हणायला लागली. (आपण गटात बायांना सही शिकवतो म्हणून किती मिरवतो! ती आजी कुठल्याच गटात नव्हती.)

हे कळलं कसं? ती खिचडीवाली ताई त्याच्या घरी जाऊन बसली. "शाळेत का येत नाहीस?" असं तिनं विचारलंच नाही. "आज काय खाल्लंस?" एवढंच विचारलं. दोनदा पोरगं गप्प. तिसऱ्यांदा भडाभडा बोललं, रडलं. तिनं उपदेश केला नाही, 'पोरगा असून रडतोस' असंही म्हणाली नाही. माझ्या दोन वर्षांच्या पदवीत याहून मोठं काही शिकवलं नव्हतं.

मग आपल्या गटातल्या दोघी, ज्या शाळा व्यवस्थापन समितीत आहेत, गुरुजींकडे गेल्या. आजवर समितीचं रजिस्टर घरी यायचं आणि त्या सही करून द्यायच्या. तसं करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. पण त्या दोघी भांडायला गेल्या नव्हत्या. गुरुजी काही वाईट माणूस नाहीत. एकटे दोन वर्ग सांभाळतात, वर कागदपत्रं. पोराच्या घरी कोण आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आजीचा अंगठा चालेल असं ठरलं. रविवारी रात्री ताईच्या मोबाईलवरून पोरगं आईशी बोलायला लागलं. आठवडाभरात ते शाळेत आलं. सगळं छान झालं असं नाही हं. अजूनही एखाद्या दिवशी ताट तसंच राहतं.

तुम्ही शाळेत रोज शिजवता, वाढता. कोण जेवत नाही, कोणाचं सकाळी शाळेच्याच वेळी पोट दुखतं, कोण एकाएकी मारामारी करायला लागलं, हे तुम्हालाच आधी दिसतं. दिसलं की समितीतल्या बाईला सांगा. मात्र पारावर त्याची चर्चा नको. पोराला ते कळलं तर पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही.

घरात किंवा शाळेत मुलाला मारहाण, छळ होत असेल तर 1098 लावा. पोरगं फारच खचलंय, जिवाचं बरंवाईट करायचं बोलतंय, तर त्याला एकटं सोडू नका आणि 14416 ला फोन करा. दोन्ही नंबरांना पैसे पडत नाहीत. आत्ताच पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांतली किती पोरं मागं राहिलीत, त्यांची यादी प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीला आणायची. नुसती नावं नकोत, ती कोणाजवळ राहतात तेही लिहा.