मधल्या पायरीवरचा माणूस



आपल्या ज्ञातीतील कितीतरी कर्ती माणसे कारखान्यांत व कचेऱ्यांत मधल्या अधिकारपदांवर आहेत. वर मालक, खाली कामकरी आणि मध्ये ही मंडळी. म्हणून ‘स्वयंव्यवस्थापन’ या विचारासंबंधी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. मधला साहेब नसावा, काम करणाऱ्यांनीच आपले काम ठरवावे, असे हा विचार सांगतो.

अमेरिकेत लास व्हेगास येथे झॅपोज ही इंटरनेटवरून जोडे विकणारी कंपनी आहे. तिचे तेव्हाचे प्रमुख टोनी शे यांनी २०१३ साली ‘होलॅक्रसी’ ही पद्धत स्वीकारली. तीत हुद्द्यांऐवजी भूमिका व खात्यांऐवजी मंडळे असतात. मार्च २०१५ मध्ये त्यांनी कळविले की, एप्रिलअखेर व्यवस्थापकांचे हुद्दे राहणार नाहीत. ज्यांना हे मानवणार नाही, त्यांनी निदान तीन महिन्यांचा पगार घेऊन जावे. सुमारे १,५०० नोकरांपैकी शेकडा १४ जण गेले. त्यांत सारेच व्यवस्थापक नव्हते. पुढे कंपनीनेही त्या पद्धतीचे नियम हळूहळू सैल केले.

मधले अधिकारी सत्तालोभाने विरोध करतात, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याने पंधरा-वीस वर्षे झिजून एक पायरी गाठली, त्याचा पगार, त्याची पत, फार काय, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यातील त्याचे वजनही त्या हुद्द्याशीच बांधलेले असते. शिवाय तंटे मिटविणे, रजा वाटून देणे, नवख्यास शिकविणे ही त्याची कामे पद गेल्याने संपत नाहीत. वर्गनायक नेमला नाही, तरी खडू कोणीतरी आणावाच लागतो!

फ्रान्समधील फावी या ओतशाळेत १९८३ पासून झाँ-फ्रांस्वा झोब्रिस्ट यांनी असाच बदल केला. एकेका ग्राहकाचे काम एकेका लहान गटाकडे सोपविले. मात्र मधल्या अधिकाऱ्यांना घरी न धाडता त्यांना दुसऱ्या कामांत सामावून घेतले. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. माणसाचे पद काढावयाचे असेल, तर त्याच्या हाताला काम आणि मनाला मान आधी द्यावा.

अधिकारपदावरील आपल्या तरुणांसही आमचे एक सांगणे आहे. दारावरची पाटी उतरली, तरी सहकारी सल्ल्यासाठी आपल्याकडे येतील काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर भिण्याचे कारण नाही. नसेल, तर ती विद्या आजपासूनच मिळवावी.