दप्तर, गुप्तता आणि राज्याची सुरक्षितता



२०२३ सालच्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील दप्तरखान्यांत एकाएकी वर्दळ सुरू झाली. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामी अमदानीतील रुमाल सोडले गेले आणि मोडी व उर्दू नोंदींत ‘कुणबी’ हा शब्द शोधला जाऊ लागला. त्या नोंदी करणाऱ्या कारकुनांना, आपण कोणाच्या पणतवंडांच्या प्रमाणपत्राची तजवीज करीत आहोत, याची पुसटशीही कल्पना नसेल. या खेपेस दप्तर लोकांच्या हिताला उपयोगी पडले. परंतु एका कामासाठी लिहिलेली नोंद भलत्याच कामी येऊ शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हे घडू नये म्हणूनच, त्याच वर्षी ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. हेतू सांगून माहिती घ्यावी आणि हेतू सरला की ती पुसावी, असे त्याचे सामान्य सूत्र. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अंमल मात्र टप्प्याटप्प्याने. आता त्याचे सतरावे कलम पाहा. देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादींच्या हितार्थ केंद्र सरकार ज्या सरकारी यंत्रणेचे नाव अधिसूचित करील, तिला हा कायदा लागूच नाही. तिने केंद्राला पुरविलेली माहितीही त्याच्या कक्षेबाहेर!

अशी सवलत मुळीच नको, असे म्हणणारा मी नव्हे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून याच जिल्ह्यातील नळदुर्गात शिरली, तो बेत आधी चावडीवर वाचून दाखवावयाचा होता काय? ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याचीच संमती मागणे हास्यास्पद ठरेल. परंतु याच भूमीने दुसरा अनुभवही घेतला आहे. १९३८ साली निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली आणि सत्याग्रह करणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. सार्वजनिक सुरक्षितता हा शब्द त्या काळच्या हुकमांतही होताच. तेव्हा हा शब्द उच्चारणाऱ्याला ‘कशावरून?’ असे विचारणारा कोण, एवढीच माझी शंका आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावर घाला घालावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय प्रमाणशीर हवा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात सुरक्षिततेच्या सवलतीलाही या अटी होत्या. २०२३ च्या कायद्यातील सवलतीत त्या आढळत नाहीत.

आधारची कथाही अशीच. राष्ट्रीय सुरक्षिततेसाठी सहसचिवाच्या आदेशाने आधारची माहिती उघड करता येत असे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती तरतूद आहे त्या रूपात रद्द झाली. अधिकारी वरच्या दर्जाचा असावा आणि त्याच्या जोडीस न्यायिक अधिकारी, शक्यतो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश असावा, असे न्यायालयाने सुचविले. २०१९ च्या दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आला. न्यायाधीश काही आला नाही. आदेश तपासणाऱ्या समितीत कॅबिनेट सचिव आणि दोन खात्यांचे सचिव, म्हणजे सारे सरकारचेच. आणि नव्या कायद्याच्या सतराव्या कलमात तेवढीही समिती नाही. न्यायाधीशाने बंद खोलीत कागद वाचून सही केल्याने कोणते गुपित फुटणार आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही.