पोरगी दमते, की आळस करते?



बचत गटाची समन्वयक म्हणून मी तुमच्याशी नेहमी कर्ज, हप्ते आणि बँकेच्या कागदांवर बोलते. आज बोलणार आहे बुटाच्या एका जोडावर. या जोडावरून आमच्या एका गटाची बैठक दोन तास चालली.

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या एका सदस्य ताईंनी गटाकडे १८०० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी? तर मुलीच्या खेळाच्या बुटांसाठी. मुलगी पंधरा वर्षांची, उंचीनं चांगली. तालुक्याच्या हायस्कुलात सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. तिथल्या सरांनी तिला हेरलं आणि संघात घेतलं. जुन्या बुटाचा तळ गुळगुळीत झाला होता, वळताना पाय घसरायचा.

शेळीला कर्ज दिलं, शिलाई मशीनला दिलं, दवाखान्याला दिलं. पोरीच्या बुटाला कर्ज मागणारी ही पहिलीच बाई. लगेच कुजबुज सुरू झाली.

एक काकू म्हणाल्या, "अगं, पण ती पोरगी खेळते कुठं? माझा नातू सांगतो, दहा मिनिटं पळाली की कमरेवर हात ठेवून उभी राहते." दुसरी म्हणाली, "घरी पण तसंच. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला उठते." तिसरी म्हणाली, "पंधराची झाली. आता बूट घ्यायचे की स्थळ बघायचं?" आई बिचारी खाली मान घालून बसलेली. तीच हळूच म्हणाली, "सर पण म्हणतात, अंगात गुण आहे पण मेहनत नाही. बॉल पुढं गेला की मागं धावत येत नाही."

खरं सांगते, मैत्रिणींनो, मलाही तसंच वाटत होतं. महिन्याभरापूर्वी मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा त्या पोरीला तोंडावर म्हणाले होते, "एवढा आळस बरा नाही गं." ती काही बोलली नाही. नुसती हसली.

बैठकीत एक आजी बसल्या होत्या. गटातल्या सगळ्यांत वयस्कर. त्यांनी आईला विचारलं, "पोरगी उठते किती वाजता?"

आई म्हणाली, "साडेचारला." मग आजींनी एकेक विचारत तिचा सगळा दिवस काढून घेतला. साडेचारला उठून पाणी भरायचं, शेण काढायचं, भाकरी थापायला हात लावायचा. सहाला चहा आणि दोन बटर खाऊन निघायचं. तीन किलोमीटर चालत कोर्टावर. सात ते साडेआठ सराव. मग शाळा. डबा दुपारी दीड वाजता, त्यात भाकरी आणि चटणी. संध्याकाळी शेळ्यांना चारा, भांडी, अभ्यास. झोपायला अकरा. रात्री जेवायला कधी बसते? बाप, भाऊ, आजोबा उठल्यावर. पातेल्यात जे उरेल ते.

आजी म्हणाल्या, "मग दहा मिनिटं तरी पळते कशी, ते बघा."

बैठक एकदम गप्प झाली. आम्ही तिची मेहनत कोर्टावर मोजत होतो. कोर्टावर यायच्या आधी तिनं जे काम केलेलं असायचं, ते कुणाच्या हिशोबातच नव्हतं.

बास्केटबॉल हा दमवणारा खेळ आहे. कोर्ट २८ मीटर लांब. दहा दहा मिनिटांचे चार डाव. पाचच खेळाडू, आणि पाचही जणांनी चढाईला पुढं जायचं, बॉल गेला की मागं येऊन अडवायचं. अशा खेळाला दम लागतो, आणि दम रक्तातून येतो. श्वासातली हवा रक्त पायापर्यंत पोचवतं. रक्तात लोह कमी असेल तर मनात कितीही जिद्द असली तरी पाय उचलत नाहीत.

गटानं ठरवलं, कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीत. आधी पोरीचं रक्त तपासायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली नसावं. तिचं निघालं ८.६.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ३१ होतं. मुलींचं रक्त पाळीत जातं हे खरं. पण ताटात शेवटी काय उरतं, हेही त्यामागं आहेच.

डॉक्टरांनी जंताची गोळी दिली आणि लोहाच्या गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती मळमळतं म्हणून खिशात ठेवायची. गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. गोळी किंवा जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलं की उलट जास्त लागतं. बाकी औषध आपल्याच घरात आहे: बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलगे, मेथी, शेवग्याचा पाला. चालत असेल तर अंडं, मटण.

पुढच्या बैठकीला आम्ही सरांनाही बोलावलं. तपासणीचा कागद पाहून ते म्हणाले, "मीच चुकलो. मी तिला शिक्षा म्हणून जास्तीच्या फेऱ्या मारायला लावत होतो." मग त्यांनी आम्हाला निकोला योकिच या खेळाडूची गोष्ट सांगितली. सर्बिया देशातल्या सोंबोर गावचा मुलगा. अंगानं जाड, उडी मारता यायची नाही, कोल्ड्रिंक तर लिटरनं प्यायचा. २०१४ साली अमेरिकेतल्या संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर ४१ वा. पुढं त्यानं कोल्ड्रिंक सोडलं, शरीर कमावलं. तीनदा तिथला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ ला आपल्या डेन्व्हर संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. बॉल कुठं द्यायचा ही नजर त्याच्याकडं आधीपासूनच होती. शरीर मागं होतं, ते नंतर आलं.

आजी लगेच म्हणाल्या, "त्याचं पोट जास्त भरलेलं, हिचं रिकामं. पण दोघांना नाव एकच ठेवलं, आळशी!"

गटानं १८०० रुपये मंजूर केले. व्याज नेहमीचंच, शेकडा दोन रुपये. घरातही काही गोष्टी ठरल्या. सकाळचं पाणी आता भाऊ भरतो. त्यासाठी आईला चार दिवस भांडावं लागलं. पोरगी सरावाला जाताना भाकरी आणि गूळ-शेंगदाणे खाऊन जाते. रात्री नऊला झोपते, कारण या वयात आठ तास तरी झोप हवीच. आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं. पण मैत्रिणींनो, इथं दुसरी बाजूही सांगते. दम आल्यावर सर म्हणाले, आता सबब नाही. डाव्या हातानं बॉल टप्पे देत न्यायला ती टाळत होती, ते खरंच आळसानं होतं. दोरीवरच्या उड्याही चुकवायची. उडी मारून खाली येताना गुडघे वाकवायचे, नाहीतर गुडघा दुखावतो, हे सर शंभरदा सांगायचे. आता ते तिला रोज करावं लागतं. रक्त आणि अन्न आपण देऊ शकतो. डावा हात तिचा तिलाच शिकवावा लागणार.

ऑक्टोबरात जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. पण ती चारही डाव कोर्टावर होती, आणि शेवटच्या डावातही बॉल गेला की मागं धावत येत होती. आम्ही सातजणी टेम्पो करून बघायला गेलो होतो. परतताना मी तिची माफी मागितली. ती पुन्हा नुसती हसली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या लेकीचं सांगायचं: ती उठते कधी, झोपते कधी, जेवायला बसते कोणाच्या नंतर, आणि तिचं रक्त शेवटचं कधी तपासलं. आशाताईंना बोलवा, उपकेंद्रात सगळ्यांचंच हिमोग्लोबिन बघून घ्या. लेकीचं आणि आपलंही. मग ठरवा पोरगी आळशी आहे की नाही.

आणि हो, बुटाचे हप्ते वेळेवर चालू आहेत.